कंडोम कॅथेटर आणि युरिन बॅग: दीड वर्ष रोज वापरून आलेला अनुभव

दीड वर्ष झालं आमच्याकडे हे रोज चालू आहे म्हणून आता मोकळेपणाने लिहिते. आमच्या ह्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला तेव्हापासून डाव्या हातापायात ताकद कमी आहे, काठी घेऊन चालतात पण हळू, आणि लघवीला आल्याचं कळलं की पुढे दोन मिनिटंसुद्धा थांबता येत नाही. बाथरूमच्या दारापर्यंत पोचायच्या आत व्हायची. पहिले पाच महिने आम्ही डायपरवर काढले. रात्री तीनदा उठून बदलायचं, चादर बदलायची, ह्यांना कुशीवर वळवायचं, आणि तेवढ्यात त्यांची झोप मोडायची ती मोडायचीच. जांघेत कायम लाल झालेलं असायचं. सगळ्यात वाईट म्हणजे ह्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडून दिलं होतं, मला त्रास नको म्हणून. लघवी अगदी गडद पिवळी आणि उग्र वासाची व्हायला लागली तेव्हा मला कळलं की हे मुद्दाम पाणी टाळतायत.

तेव्हा डॉक्टरांनी कंडोम कॅथेटर सुचवला. मला आधी वाटलं की हॉस्पिटलात घातली होती तीच नळी परत घालणार, आणि ह्यांनी तर ऐकूनच मान फिरवली. पण हा वेगळा प्रकार आहे. हा आत कुठेच जात नाही, बाहेरून कंडोमसारखा चढवायचा असतो, आतल्या बाजूला चिकट गम असतो आणि टोकाला छोटी नळी असते ती बॅगच्या नळीला जोडायची. लघवी झाली की आपोआप बॅगेत जाते. एवढंच. दुखत नाही, टोचत नाही.

मात्र एक गोष्ट आधी केली आणि ती प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. डॉक्टरांनी लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी करायला सांगितली, ब्लॅडरमध्ये म्हणजे लघवीच्या पिशवीत किती लघवी उरते ते बघायला. कारण काही पुरुषांना प्रोस्टेट वाढल्यामुळे किंवा नसांच्या त्रासामुळे ब्लॅडर पूर्ण रिकामाच होत नाही, आत साठून साठून मग वरचं थेंब थेंब गळत राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की कंट्रोल गेलाय. तशा माणसाला बाहेरून कंडोम कॅथेटर लावला तर गळणारं तेवढं बॅगेत जाईल पण आत तुंबलेलं तसंच राहील आणि किडनीवर ताण येईल. तिथे उपाय वेगळा लागतो. ह्यांच्या ब्लॅडरमध्ये फारसं उरत नव्हतं म्हणून आम्हाला परवानगी मिळाली.

आता मुख्य मुद्दा, साइझ. ह्या एका गोष्टीपायी आमचा पहिला महिना वाया गेला. दुकानात विचारलं तर त्यांनी "मोठाच घ्या, सगळ्यांना बसतो" म्हणून ३६ मिलिमीटरचा दिला. पहिल्या रात्री लावला, पहाटे बघते तर हे भिजलेले, कॅथेटर निघून पायजम्यात पडलेला आणि बॅग कोरडी. आम्हाला वाटलं कंपनी खराब, दुसऱ्या कंपनीचा आणला, तोच साइझ, तोही गळला. तिसरा आणला. हे वैतागून म्हणाले, "अगं राहू दे, डायपरच बरा." मग फिजिओथेरपीला भेटणाऱ्या एका बाईंनी, त्यांच्या मुलाला मणक्याची दुखापत आहे आणि ते बरीच वर्षं वापरतायत, मला साधी गोष्ट विचारली, "माप घेतलंत का?" घेतलं नव्हतं! कोणी सांगितलंच नव्हतं.

माप असं घ्यायचं. वहीच्या कागदाची बोटाएवढी रुंद पट्टी कापायची, लिंग नॉर्मल म्हणजे शिथिल असताना जिथे सगळ्यात जाड आहे तिथे, बहुतेक वेळा मुळाशी, ती पट्टी सैल नाही आणि आवळूनही नाही अशी गुंडाळायची, जिथे टोक येतं तिथे पेनने खूण करायची आणि पट्टी सरळ करून फूटपट्टीने मोजायची. आमची खूण आली ९१ मिलिमीटरवर. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो, म्हणजे २९. आणि आम्ही महिनाभर ३६ लावत होतो! बॉक्सवर जो आकडा असतो तो व्यासाचा असतो, घेराचा नाही, इथेच पुष्कळ लोक चुकतात. साधारण २५, २९, ३२, ३६, ४१ असे साइझ मिळतात, कंपनीप्रमाणे एखाददोन मिलिमीटर इकडेतिकडे. काही कंपन्या मापाची भोकं पाडलेलं कार्ड फुकट देतात, ते मिळालं तर कागदाची पट्टीसुद्धा लागत नाही. माप दोन वेगवेगळ्या वेळी घ्या कारण थंडीत आणि आंघोळीनंतर फरक पडतो, आणि दोन साइझच्या मधे आलात तर बहुतेक कंपन्या लहान साइझ घ्यायला सांगतात. अर्थात घट्ट होता कामा नये.

२९ चा लावला त्या रात्री मी सवयीने दोनला उठले, टॉर्च लावून बघितलं तर बॅगेत लघवी, चादर कोरडी, आणि हे गाढ झोपलेले. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले थोडा वेळ. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा ते असे झोपले होते.

म्हणून मी इथे ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण माप चुकलं तर कुठलाही ब्रँड गळतो आणि माप बरोबर असेल तर साधासुद्धा चालतो. पण प्रकारात फरक आहे तो सांगते. लेटेक्सचे असतात ते स्वस्त, पिवळसर, आतलं काही दिसत नाही, आणि काहींना लेटेक्सची ॲलर्जी असते. ह्यांना चार दिवसांत खाज सुटली आणि बारीक पुरळ आलं. सिलिकॉनचे महाग आहेत पण पारदर्शक असतात, आतल्या कातडीचा रंग बाहेरून दिसतो, ही फार मोठी सोय आहे. ह्यांच्यासारख्या माणसाला डाव्या बाजूला स्पर्शच नीट कळत नाही तिथे दुखतंय का हे विचारून उपयोग नसतो, डोळ्यांनीच बघावं लागतं. गम आतच लावलेला असतो तो प्रकार वापरायला सोपा. दुसऱ्या प्रकारात चिकट पट्टी वेगळी येते, ती आधी गुंडाळून त्यावर कॅथेटर चढवायचा, आम्हाला तो जमला नाही, दोन हात मोकळे असतील आणि सवय असेल त्यालाच जमतो.

लावायची पद्धत दुकानदार दोन वाक्यांत सांगतो पण सगळी गंमत बारकाव्यात आहे. आधी कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवायचं आणि पूर्ण कोरडं करायचं, म्हणजे टॉवेलने टिपून वर दोन मिनिटं मोकळं ठेवायचं. तेल, क्रीम, पावडर काहीही नको. मी पुरळ येऊ नये म्हणून जांघेत क्रीम लावायचे आणि तोच हात कॅथेटरला लागायचा, तासाभरात सुटून यायचा, हे कळायला मला आठवडा लागला. आता मी क्रीम लावलं की हात धुऊनच पुढचं करते. मुळाशी केस असतील तर कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करायचे, रेझर मारायचा नाही कारण बारीक जखमा होतात आणि त्यावर गम आणि लघवी दोन्ही झोंबतात. राहिलेल्या केसांसाठी मी पेपर नॅपकिनच्या मधोमध भोक फाडते, ते लिंगावरून मुळापर्यंत सरकवते, केस मागे दाबले जातात, मग कॅथेटर लावून झाला की नॅपकिन फाडून काढून टाकते. काही बॉक्समध्ये ह्यासाठी कागद येतो पण नॅपकिन तेच काम करतो.

पुढची कातडी मागे ओढून धुतली असेल तर ती परत पुढे आणायचीच, टोक झाकलं जाईल अशी. विसरलात आणि कातडी मागेच अडकली तर टोकाला सूज येते आणि मग कातडी पुढे येतच नाही, ते इमर्जन्सीचं काम आहे. मग कॅथेटर टोकावर ठेवून हळूहळू उलगडत मुळाकडे न्यायचा, पण टोक आणि नळीचं तोंड ह्यात एक ते दोन सेंटिमीटर जागा सोडायची. अजिबात नाही सोडली तर टोक घासून जखम होते, जास्त सोडली तर तिथे पिळा पडतो, लघवी पुढे जायला वाट मिळत नाही आणि मागून फुटून बाहेर येते. पूर्ण चढवला की मुठीत हलकेच धरून ठेवायचं, अर्धा मिनिट तरी. हाताच्या उबेने गम धरतो. मी घाईत असायचे तेव्हा हे टाळायचे आणि नेमका त्याच दिवशी सुटायचा.

आता एक गोष्ट जरा रागाने लिहितेय. सुरुवातीला आमच्याकडे दिवसा एक अटेंडंट यायचा, त्याने "असा निघत नाही बघा" म्हणून कॅथेटरवरून बाहेरून साधा चिकटपट्टीचा टेप गोल गुंडाळला, कपाटातला, पक्का. मी बाहेरून आले तेव्हा दीड तास झाला असेल, पुढचा भाग सुजून जांभळट झाला होता आणि ह्यांना काही कळतच नव्हतं. टेप कापताना माझे हात थरथरत होते. सुदैवाने रंग परत आला, तरी लगेच डॉक्टरांना दाखवून आलो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की असा न ताणणारा टेप, दोरा, रबर बँड काही गोल बांधलं तर रक्तपुरवठा बंद होतो आणि भाग काळा पडून कापायची वेळ येऊ शकते. कृपा करून हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, जो कोणी ह्या कामाला हात लावणार आहे त्याला. गळत असेल तर साइझ बदला, टेप नाही! आणि नवीन लावल्यावर अर्ध्या तासाने एकदा रंग आणि सूज बघायची सवय ठेवा, मी अजूनही बघते.

बॅग दोन प्रकारच्या लागतात. दिवसा पायाला बांधायची लेग बॅग, ५०० किंवा ७५० मिलिलिटरची, आणि रात्री पलंगाच्या कडेला अडकवायची मोठी, २ लिटरची. लेग बॅग अर्धी किंवा फार तर पाऊण व्हायच्या आधी रिकामी करा, कारण ५०० मिलिलिटर लघवी म्हणजे अर्धा किलो वजन, ते नळीला खाली ओढतं आणि वरचा गम सुटतो, वर पँटमधून फुगलेली दिसते ते वेगळंच. बॅग कायम ब्लॅडरच्या खाली हवी. व्हीलचेअरवर बसवताना बॅग मांडीवर ठेवू नका, मागे वाहतं. चांगल्या बॅगेत उलटं न येण्यासाठी व्हॉल्व्ह असतो, घेताना विचारून घ्या. नळी लांब असेल तर कात्रीने कापून आपल्या मापाची करता येते, आमची मूळ नळी एवढी लांब होती की तिचा गुडघ्यामागे वेटोळा व्हायचा, ह्यांनी पाय दुमडला की लघवी अडायची.

आणि बॅगचा पट्टा आम्ही उजव्या पायालाच बांधतो. सगळ्या माहितीपत्रकांत पाय आलटून पालटून वापरा असं लिहिलेलं असतं आणि ते बरोबरच आहे, पण डाव्या पायाला ह्यांना पट्टा आवळलेला कळत नाही. एकदा मोजा काढताना पोटरीवर खोल वळ दिसला तेव्हा आम्ही तो प्रकार बंद केला. आता उजव्या पायालाच कधी मांडीवर कधी पोटरीवर अशी जागा बदलतो, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जातायत ना ते बघतो.

बॅग धुण्याबद्दल, आमच्या नर्सने सांगितलं ते करते. साबणाच्या पाण्याने आतून खळखळून काढायची, मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी असं भरून अर्धा तास ठेवायचं, परत पाण्याने धुऊन उलटी टांगून वाळवायची. वास बराच जातो. पण बॅग महिनोन्‌महिने वापरू नका, प्लॅस्टिक कडक झालं, आतून पांढरट थर दिसायला लागला की फेकायची. कॅथेटर मात्र कधीच धुऊन परत वापरायचा नाही, तो एकदाच, आणि २४ तासांत बदलायचा. मी सुरुवातीला खर्च वाचवायला दोन दिवस ठेवून बघितला, खालची कातडी पांढरी, ओलसर, सुरकुतलेली झाली, जशी बोटं पाण्यात राहिल्यावर होतात, तेव्हापासून परत नाही केलं.

काढताना ओढायचा नाही. कोमट पाण्यात भिजवलेला कपडा दोन-तीन मिनिटं गुंडाळून ठेवायचा, गम सैल पडतो, मग लावला त्याच्या उलट हळूहळू गुंडाळत पुढे आणायचा. थोडा गम राहिला तर खरवडायचा नाही, दुसऱ्या दिवशीच्या धुण्यात जातो. ह्यांना हा भाग सुरुवातीला नको वाटायचा, म्हणजे दुखायचं म्हणून नाही, संकोच. आपल्या बायकोने रोज हे करावं ह्याचा संकोच. मग आम्ही असं ठरवलं की उजव्या हाताने जेवढं जमतं तेवढं त्यांनी करायचं. काढायचं काम आता पूर्ण तेच करतात, बॅगचा नळ उघडून रिकामी पण तेच करतात, फक्त नळ असा घ्यायचा जो एका हाताने, अंगठ्याने ढकलून उघडतो. पिळायचा असतो तो एका हाताने होत नाही. लावायला मी.

इन्फेक्शनची भीती आम्हाला होतीच कारण हॉस्पिटलात आतल्या नळीमुळे ह्यांना एकदा ताप येऊन गेला होता. कंडोम कॅथेटरमध्ये ती भीती कमी आहे, नाही असं नाही. २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, हॉस्पिटलात दाखल ७५ पुरुषांवर, काहींना आतली नळी आणि काहींना कंडोम कॅथेटर. आतल्या नळीवाल्यांना लघवीतल्या जंतूंचा आणि त्यातून होणाऱ्या गुंतागुंतीचा त्रास जास्त झाला, विशेषतः ज्यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नव्हता त्यांच्यात हा फरक ठळक दिसला, आणि कंडोम कॅथेटर रुग्णांना जास्त सोयीचा वाटला. आम्हाला दीड वर्षात एकदा इन्फेक्शन झालं, लघवी गढूळ, थंडी वाजून ताप, आणि हे थोडे गोंधळल्यासारखे बोलायला लागले होते. वय झालेल्या माणसात हा गोंधळ हेच पहिलं लक्षण असू शकतं, तेव्हा थांबू नका, लघवीची तपासणी करून घ्या.

हे २४ तास लावून ठेवायचं का? आम्ही ठेवत नाही. रात्री आणि बाहेर जाताना लावतो. दिवसा घरी असताना घड्याळ लावून दर दोन तासांनी, लघवी आली असो वा नसो, टॉयलेटला जातात, आणि खुर्चीजवळ लघवीचं भांडं असतं. फिजिओथेरपिस्टचं म्हणणं होतं की सतत बॅग लावली की शरीर प्रयत्नच सोडतं, आणि मला ते पटलं. आधी दोन तास निभत नव्हते, आता बहुतेक दिवस निभतात. कातडीलाही तेवढी मोकळी हवा मिळते. कुठे लाल दिसलं, साल निघाल्यासारखं झालं तर त्या दिवशी कॅथेटर बंद, डायपर किंवा पॅड, बरं होईपर्यंत. जखमेवर गम लावायचा नाही.

सगळ्यांना हे जमेलच असं नाही. ज्यांचं लिंग आत ओढलेलं असतं, पोट मोठं असेल तर असं पुष्कळ होतं, उभं असताना ठीक वाटतं आणि बसलं की आत जातं, त्यांना नेहमीचा टिकत नाही. त्यांच्यासाठी आखूड लांबीचे मिळतात, नुसत्या टोकाला चिकटणारे मिळतात, नाहीतर भोवती चिकटणारी पिशवी मिळते. आणि ज्यांना डिमेन्शिया आहे ते ओढून काढतात, गम लागलेला असताना ओढला तर कातडी निघते, तिथे जबरदस्ती करू नये. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर गळत असेल तर डॉक्टरांना विचारूनच, कारण पहिल्या काही महिन्यांत पेल्विक फ्लोरच्या म्हणजे लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंच्या व्यायामाने पुष्कळ जणांना कंट्रोल परत येतो आणि त्या काळात पॅड बरे पडतात.

तक्रारी पण लिहिते. खर्च रोजचा आहे, रोज एक म्हणजे महिन्याला तीस, हे धरूनच चाला. घाम जास्त आला की गम दगा देतो. बॉक्सवर साइझ एवढ्या बारीक अक्षरात छापतात की एकदा मी चुकून वेगळाच साइझ घरी घेऊन आले आणि उघडलेला बॉक्स परत घेतला नाही. आणि माप कसं घ्यायचं ह्याचा कागद बॉक्सच्या आत असतो, म्हणजे विकत घेतल्यावर वाचायचा! तो बाहेर छापायला काय हरकत आहे मला कळत नाही. म्हणून आधी सुटे दोन-तीन घेऊन बघा, मगच बॉक्स. पाचपैकी चार देईन, एक ह्या माप-प्रकरणासाठी कापला.

मागच्या महिन्यात ह्यांच्या बहिणीकडे गेलो होतो, गाडीने सहा तास. आधीच्या वर्षी ह्यांनी "तू जाऊन ये" म्हणून टाळलं होतं. ह्या वेळी निघताना नवीन लावला, लेग बॅग मोकळ्या पायजम्याखाली, पिशवीत दोन जादा कॅथेटर, नॅपकिन, कात्री, एक पायजमा आणि एक झाकणाची रुंद तोंडाची बाटली, बॅग गाडीतच रिकामी करायला. वाटेत दोनदा थांबलो. पोचल्यावर ननंदेने दारातच विचारलं, "दादा, प्रवासात त्रास नाही ना झाला?" हे नाही म्हणाले आणि आधी पाणी मागितलं, मोठा तांब्याभर, आणि सगळं प्यायले.